कंडिका तीन

माझा स्वभाव तिरसट आहे हे आधीच सांगून टाकतो. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली टेबल टाकून मी जवळजवळ चाळीस वर्षं बसलो. लोक येतात, तोंडाने काय काय ठरवून आलेले असतात ते सांगतात, आणि मी ते कोर्टाला चालेल असं शपथेवर लिहून देतो. आधी टाइपरायटरवर लिहायचो, आता कॉम्प्युटरवर. बोलणाऱ्याला मध्येच तोडायची मला सवय. "भैया, कहानी मत सुनाओ, काम की बात बोलो," हे मी दिवसातून वीस वेळा तरी म्हणायचो. आमची ही म्हणते की घरीसुद्धा तसंच बोलता, लग्नाला जायचं का विचारलं तरी तुम्हाला आधी मुद्दा लागतो. खोटं नाही ते.

आमच्याकडे उज्जैनला कोर्टाचं काम हिंदीत. शपथपत्रातल्या प्रत्येक परिच्छेदाला नंबर असतो, त्याला कंडिका म्हणतात, आणि प्रत्येक कंडिका 'यह कि'ने सुरू होते. माणूस अर्धा तास रडतो, हात आपटतो, आजोबा-पणजोबांपर्यंत जाऊन येतो, आणि त्याच्या होतात पाच कंडिका. सगळ्यात खाली सत्यापन असतं. वरच्या सगळ्या कंडिका माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत, यात काही लपवलेलं नाही, मला वाचून दाखवलं आणि मी समजून सही केली. मग सही, मग फोटोवर नोटरीचं सील. झालं काम.

वाचून कुणी दाखवत नाही. मीही कधी दाखवलं नाही. वकिलांकडून आलेले हिंदीवाले पक्षकार निदान दोन ओळींवरून नजर तरी फिरवायचे. आपली मराठी माणसं तेवढंही नाही. उज्जैनमध्ये आपली घरं दोन तऱ्हेची. काही दोनशे वर्षांपूर्वी दरबारच्या चाकरीत आलेली, काही बँक-रेल्वे-शाळांच्या नोकऱ्यांमागे आलेली. माझे वडील रेल्वेतले, बदलीवर आले आणि इथलेच होऊन बसले. तर ही सगळी माणसं शपथपत्र करायचं म्हटलं की माझ्याच टेबलावर यायची, कारण मराठीत बोलता येतं. बोलून झालं की म्हणायची, "तुम्ही लिहिलंय ना, मग वाचायचं काय?" वाचणं म्हणजे माझा अपमान केल्यासारखं वाटायचं त्यांना. मला त्याचं फार बरं वाटायचं. आता त्याच बरं वाटण्याची लाज वाटते.

घरांच्या वाटणीच्या बाबतीत आमची एक रीत होती, तेवढी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. भाऊ-भाऊ काल संध्याकाळी पोहे खाता खाता वाटणी ठरवून आलेले असायचे. पण कागदावर 'आज ठरलं' असं लिहिलं की नवा हक्क झाला, मग मोठा स्टँप, रजिस्ट्री, चकरा. तेच 'पूर्वीच तोंडी ठरलं होतं, आता फक्त कोर्टाला कळवतो' असं लिहिलं की सुटसुटीत. म्हणून कालची बोलणी आम्ही मागे नेऊन ठेवायचो, वडील हयात होते त्या काळात. आणि ठरवलं कुणी, तर वडिलांनीच. माझ्या डाव्या-उजव्या टेबलांवरसुद्धा हेच चालायचं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार फाइल होती, नाव-पत्ता तेवढा बदलायचा. त्या फाइलमध्ये वडिलांचं वाक्य तिसऱ्या कंडिकेत होतं. मी गंमतीने म्हणायचो, "जो गेला तो काही कोर्टात पेशीवर येऊन नाही म्हणत नाही." लोक हसायचे. त्यांच्या आधी मी हसायचो.

माधव नगरमध्ये एक गृहस्थ राहत होते, बँकेतून रिटायर झालेले. दर गुरुवारी अकराच्या सुमारास खांद्याला कापडी पिशवी अडकवून माझ्याकडे यायचे. काम काही नसायचं. दुसऱ्या खुर्चीवर बसायचे, समोरून उलटा दिसणारा माझा मसुदा वाचायचे आणि चूक काढायचे. माझं डोकं फिरायचं. "तुमची बँक सुटली, पण सवय काही सुटली नाही," असं म्हणायचो. ते गालात हसायचे आणि पुन्हा बोट ठेवायचे, हे बघा, इथे तारीख चुकली. तारीख खरंच चुकलेली असायची. दोस्ती म्हणायची तर ती हीच. एखाद्या गुरुवारी आले नाहीत तर मी दोनदा फाटकाकडे बघायचो, पण हे त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांचं घर साधंच. खाली दोन मुलगे, दोघांचे संसार. वर एक खोली आणि गच्ची. त्या खोलीत त्यांची मुलगी राहायची, तिन्ही भावंडांत मोठी, लग्न न केलेली. एका छोट्या शाळेत शिकवायची. आई गेल्यापासून घराचं सगळं तिच्याच अंगावर होतं. तिच्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत. ते मुळातच कमी बोलणारे, घरी तर त्याहून कमी. संक्रांतीला मात्र गुळाच्या पोळ्यांचा डबा आणायचे आणि म्हणायचे, "तिने दिल्यात." एवढंच.

एका गुरुवारी ते खुर्चीवर बसले आणि मसुदा वाचायलाच गेले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, "वरची खोली आणि गच्ची तिची. पोरं चांगली आहेत माझी, पण संसारी आहेत. हे लिहून ठेवायचंय. तुम्हीच लिहा."

माझ्या टेबलावर तीन वकिलांची कामं पडली होती. मी मान वर न करता म्हटलं, "लिहू की. घाई काय आहे? तिला सांगितलंत का?"

"कागद झाला की सांगतो," ते म्हणाले. "आधी सांगितलं तर नको नको म्हणेल. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही."

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा लाइट नव्हती. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले, घराच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन आले, आणि मी त्यांना सरळ म्हटलं, "आज नाही हो. आज डोकं खाऊ नका." त्यांनी झेरॉक्स पुन्हा पिशवीत ठेवल्या, पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला आणि गेले. तो त्यांचा शेवटचा गुरुवार. आठवड्याभरात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी भेटायला गेलो. खालच्या हॉलमध्ये पलंग टाकला होता. मुलीने शाळा सोडली होती. मी गेलो तेव्हा ती त्यांची दाढी करत होती, एका हाताने हनुवटी धरून, अगदी सावकाश. मला बघितलं आणि त्यांचा डावा हात उचलला गेला. एक बोट वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. तोंडातून काहीतरी आवाज येत होता.

"दिवसभर हेच चालू असतं काका," ती म्हणाली. "पंखा वाढव म्हणतात." तिने उठून रेग्युलेटर फिरवला. ते मान हलवायला लागले, नाही, नाही. डोळे माझ्यावर. मला कळलं. छताकडे नाही, पंख्याकडे नाही, छताच्या वर. वरची खोली.

दोन्ही मुलगे तिथेच उभे होते. धाकटी सून चहा घेऊन आली. मी म्हटलं मनाशी, आज नको, सगळ्यांसमोर नको, ती एकटी भेटली की सांगू. चहा प्यायलो आणि निघालो. नंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा बोट वर गेलं, दोन्ही वेळा तिने पंखा वाढवला, दोन्ही वेळा कुणी ना कुणी हॉलमध्ये होतं. पुढे मी जाणं कमी केलं. बघवत नाही असं हिला सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. ते असे दीड वर्ष होते, आणि मग गेले.

वर्षाच्या आतच भावांचं बिनसलं. पुढच्या अंगणावरून झालं, मग सगळ्यावरूनच झालं, आणि मोठ्या भावाने वाटणीचा दावा ठोकला. दोन-तीन पेशा, म्हणजे तारखा, झाल्यावर त्यांचे मामा आले, तिघांना समोर बसवलं आणि घरातच समझौता झाला. पुढचा भाग मोठ्याचा, मागचा धाकट्याचा. आणि ताईचं काय? ताई वर राहील की जन्मभर, ताईला कोण काढतंय. असं सगळ्यांनी तोंडाने म्हटलं. हे मला त्यांनीच माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, कारण वकिलाने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. भावांचा राजीनामा (आमच्याकडे कोर्टात समझौत्याला राजीनामा म्हणतात) आणि बहिणीचं शपथपत्र, दोन्ही त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी कोर्टात लावायची होती. साडेअकरा वाजून गेले होते.

मी तयार फाइल उघडली. सवयीने हात चालत होते. तिसऱ्या कंडिकेत आलं ते असं: 'यह कि शपथकर्ता के पिताजी ने अपने जीवनकाल में ही उक्त मकान का मौखिक बंटवारा दोनों पुत्रों के मध्य कर दिया था तथा शपथकर्ता को मकान में कोई हिस्सा नहीं देना तय किया था, जो शपथकर्ता को स्वीकार है।' प्रत्येक बहिणीच्या शपथपत्रात हेच असायचं. मी थोडा थांबलो, हे खरं आहे. मोठ्याला म्हटलं, "वरच्या खोलीचं घालायचं का?"

"काका, वकीलसाब म्हणाले साधं ठेवा," तो म्हणाला. "जेवढं लिहाल तेवढे सवाल निघतात. ताई काय परकी आहे का?"

जेवढं लिहाल तेवढे सवाल, हे वकिलांना मीच शिकवलेलं. मी प्रिंट काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "इथे सही कर बेटा, आणि इथे."

आणि तिने कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर आपल्यातल्या कुणी पहिल्यांदा कागद वाचला असेल. शाळेतली बाई ती, एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. तिकडे नोटरीसाहेब डबा काढायच्या तयारीत. मोठा घड्याळ बघतोय. मला राग येत होता, काय एवढं वाचायचं त्यात. ती तीनवर आली आणि तिचं बोट थांबलं.

"बाबा असं म्हणाले होते?"

धाकटा जमिनीकडे बघायला लागला. मोठा म्हणाला, "असंच लिहितात ताई, तो फॉर्मॅट असतो." तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"काका, ते दर गुरुवारी तुमच्यापाशी येऊन बसायचे. तुम्हाला म्हणाले होते का असं?"

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा उकरून बघितलंय. पेशी होती. नोटरीचा डबा होता. तिघांचं जुळलेलं पुन्हा मोडायचं आणि ते माझ्यामुळे, ही भीती होती. खोली तर तिचीच राहणार आहे, भाऊ म्हणालेत, मग कशाला आता, असंही होतं. आणि सगळ्याच्या तळाला हे होतं की खरं सांगायचं तर आधी मला सांगावं लागलं असतं की ते तीनदा लिहायला आले आणि मी लिहिलं नाही. मी मान हलवली. "हं," म्हणालो.

तिने टेबलावरचं पेन उचललं. मग "बरं" म्हणाली आणि सही केली, दोन्ही ठिकाणी, फळ्यावर लिहितात तसल्या सुबक अक्षरात. नोटरीने नेहमीसारखं विचारलं, "पढ़ लिया ना?" ती म्हणाली, "जी, पढ़ लिया।"

सात-आठ वर्षं तिला कुणी वरून हलवलं नाही. मला वाटायला लागलं की चला, निभावलं. मग भावांनी घर बिल्डरला दिलं. वरची खोली पाडून तीन मजले चढवायचे ठरले. त्या कागदांवर तिचं नाव कुठे असणार? मोठा म्हणाला धाकट्याकडे राहील, धाकटा म्हणाला मोठ्याकडे. दोन महिने इकडे, तीन महिने तिकडे असं चाललं. मोठा मुलाकडे पुण्याला निघून गेला. तिने बस स्टँडजवळ देवास गेटच्या मागे एक खोली भाड्याने घेतली, पोरांच्या शिकवण्या सुरू केल्या. हे सगळं मला आमच्या हिच्याकडून कळलं, तिला कुठल्याशा हळदीकुंकवात.

"ते कागद तुम्हीच केले होते ना?" हिने विचारलं.

"मी काय करणार? जे सांगितलं ते लिहिलं," मी खेकसलो.

"जे सांगितलं ते?" ती म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं, सहज विचारलं होतं. मी भाजीत मीठ कमी आहे यावरून भांडण उकरून काढलं आणि ताटावरून उठलो. मीठ बरोबर होतं.

मागच्या थंडीत ती माझ्या टेबलावर आली. मी आधी ओळखलंच नाही, केस सगळे पांढरे. "काका, आधारमध्ये पत्ता बदलायचाय. शपथपत्र लागेल म्हणतात." मी तिला बस म्हटलं. जुना पत्ता तिने सांगायच्या आधीच मी टाइप केला. नवा तिने सांगितला. प्रिंट निघाली, तिने वाचली, पूर्ण वाचली. मला राहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "देव-बिव मांडले का नव्या खोलीत?"

"देव आणले," ती म्हणाली. "बाबांचा फोटो नाही आणला."

मी का म्हणून विचारलं नाही. तिनेच सांगितलं, पिशवीत कागद ठेवता ठेवता, अगदी शांतपणे.

"घराचं नाही हो काही, काका. भावांनी केलं ते भावांनी केलं, त्यांचा राग येऊन गेलासुद्धा. पण बाबा. त्यांचं सगळं मी केलं. आणि ते इथे तुमच्यापाशी बसून मला काही द्यायचं नाही असं ठरवून गेले. ठरवू देत, त्यांचं घर होतं. पण मला सांगायला काय झालं होतं? बोलता येत होतं तेव्हा तरी. ते गेल्यावरसुद्धा मी त्यांच्याशी बोलायची रोज, फोटोसमोर दिवा लावताना. त्या दिवशी मी तुमच्या टेबलावरून उठले, तेव्हापासून त्यांच्याशी बोलले नाही. श्राद्धाचा स्वयंपाक केला दर वर्षी, पण मनातून नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं काय, तर "नोटरीसाहेब आता तिकडे बसतात, त्या कोपऱ्यात." ती गेली, सील मारून घेतलं, लांबूनच हात जोडले आणि फाटकाबाहेर पडली.

त्या दिवसानंतर मी कामाचा राहिलो नाही. समोर कुणी बोलायला लागलं की मी तोडत नव्हतो, ऐकत बसायचो, आणि मग लिहिताना काहीच सुचायचं नाही. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, दादा, तबियत ठीक आहे ना? ठीक होती. तिच्या घरी जाऊन दोन वाक्यं सांगायची होती, बस. दोनदा देवास गेटपर्यंत गेलो आणि बस स्टँडवर चहा पिऊन परत आलो. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं, आणि स्वतःचं बोलायची वेळ आली तर तोंड उघडेना. शेवटी मी मला जे येतं तेच केलं. शपथपत्र लिहायला बसलो. माझं स्वतःचं.

सवयीने हात त्याच जुन्या फाइलवर गेला. ती उघडली, तिसरी कंडिका समोर आली, आणि मी पूर्ण फाइल उडवून टाकली. मग कोऱ्या पानावर सुरुवात केली, मराठीत. मराठी शपथपत्र इथल्या कुठल्या कोर्टात कोण घेणार? पण हे कोर्टासाठी नव्हतंच. चार दुपारी गेल्या त्यात. चाळीस वर्षांच्या 'यह कि'नंतर मराठी शब्द हाताशी येईनात. नोटरीसाहेब कागद बघून हसले, "अब आप भी शपथकर्ता?" मी हसलो नाही. त्यांनी नेहमीचं विचारलं, पढ़ लिया ना, आणि मला थांबून विचार करावा लागला.

मग एका दुपारी तिच्या खोलीवर गेलो. जिना अरुंद, वर एक खोली, एक खाट, कोपऱ्यात गॅस, भिंतीशी शिकवणीच्या पोरांची सतरंजी. फोटो नव्हता. ती चहा ठेवायला उठली, मी म्हटलं, "नंतर. आधी बस. मला तुला काहीतरी वाचून दाखवायचंय." कागद गुडघ्यावर टेकवला आणि वाचायला लागलो.

कंडिका एक. की तुझे वडील दर गुरुवारी माझ्याकडे येत, आणि आमचा चांगला स्नेह होता.

कंडिका दोन. की एका गुरुवारी ते मला म्हणाले, 'वरची खोली आणि गच्ची तिची. लिहून ठेवायचंय.' हे शब्द जसे बोलले गेले तसेच लिहिले आहेत. की ते यासाठी पुन्हा दोनदा आले, आणि मी लिहून दिलं नाही.

कंडिका तीन. की तू सही केलेल्या शपथपत्रातली कंडिका तीन खोटी आहे. तसं ते मला कधी म्हणाले नाहीत. ते वाक्य माझं आहे, माझ्या फाइलमधलं.

मी थांबलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

कंडिका चार. की तू मला त्या दिवशी विचारलंस, आणि मी मान हलवली.

कंडिका पाच. की ते आजारी असताना मी भेटायला आलो, तेव्हा ते बोट वर करत होते. ते वरच्या खोलीबद्दल होतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्याखाली सत्यापन होतं, तेही वाचलं. यात काही लपवलेलं नाही, हे शब्दही वाचले. कागद घडी न करता तिच्यासमोर खाटेवर ठेवला आणि वाट बघत बसलो. ती मला बोलेल, बोलावं, सगळं ऐकून घ्यायचं असं मी जिन्यावरच ठरवून आलो होतो. चपलांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

"पाच परत वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचली, सावकाश.

ती वर बघायला लागली. खोलीत पंखा होता, थंडी म्हणून बंद, पात्यांवर धूळ. 

"पंखा नव्हता?"

"नाही बेटा."

"थंडीत पण लावायची हो मी काका," ती म्हणाली. "पौषात सुद्धा. बोट वर गेलं की म्हणायची, बरं बाबा, लावते. कुडकुडायचे ते. तरी बोट काही खाली यायचं नाही, मग मी आणखी वाढवायची."